‘समजत नाही’ला जपानीत काय म्हणतात

पन्नास सालानंतरची गोष्ट. कामरगावच्या शाळेत मास्तर होतो. अकोल्याच्या रद्दीवाल्याकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. जपानी भाषा काळाकाळानं कशी बदलत गेली, ते त्यात होतं. मला त्याचं वेडच लागलं, पण बोलून दाखवणारं कोणी नव्हतं. मग कळलं, मंगरूळपीरजवळ वांगी-मिरची पिकवणारे एक गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला जपान्यांचे कैदी होते. दर रविवारी बस धरून मी त्यांच्या मळ्यात जाऊ लागलो. त्यांना मी दादा म्हणायचो.

“वाकारान,” दादा पहिल्याच दिवशी म्हणाले. “म्हंजे समजत नाही. कैदेत हाच शब्द लय कामी आला, गुरुजी.”

मी पुस्तक उघडलं. जुन्या लिखाणातलं रूप म्हणून तिथे ‘वाकारानु’ दिलं होतं. दादांनी लढाईतून आणलेल्या, जपानी शिकवणाऱ्या फाटक्या पुस्तिकेत मात्र ‘वाकारानाइ’. एका साध्या नकाराची तीन रूपं! आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, काही उमगेना. शेवटी पुस्तिका नवी म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला आणि वहीतला दादांचा शब्द खोडला.

“पण तो तर असाच बोले,” दादा म्हणाले. तो म्हणजे छावणीतला जपानी स्वयंपाकी. दादा तापानं पडले तेव्हा लपवून उकडलेलं रताळं देणारा.

“तुम्ही ‘मले’ म्हणता, पुस्तकात ‘मला’ असतं. तसंच असेल.”

“मंग मी चुकीचं बोलून राह्यलो का?”

 पुढचे कित्येक रविवार मी त्यांचा तो शब्द सुधारत राहिलो. दादाही निमूट सुधारत गेले.

दरम्यान मी नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं होतं. चार महिन्यांनी उत्तर आलं. ‘वाकारान’ मुळीच चूक नाही, पश्चिम जपानात असंच बोलतात. जुन्या ‘नु’चंच ते झिजलेलं रूप. ‘नाइ’ पूर्वेकडचं, राजधानी तिकडे असल्यामुळे पुस्तकांत शिरलेलं.

पत्र घेऊन मी मळ्यात गेलो. दादा मिरच्या तोडत होते.

“तुमचंच बरोबर होतं, दादा! म्हणा पाहू, तो म्हणायचा तसं.”

दादांनी हात पुसले. “वाकारानाइ,” म्हणाले. मान हलवली. “वाकारानु...”

“वाकारान,” मी म्हणालो.

“असन. पण हा तुमचा आवाज हाये, गुरुजी. त्याचा आता कानात येतच नाही. काहून बदलवलं तुमी?”

 दादा पुन्हा मिरच्या तोडू लागले.

पुढे महिनाभर मी पुस्तक उघडलं नाही, मळ्यातही गेलो नाही. नंतर गेलो, तेव्हा दादांनी चहा दिला आणि आपणहून त्या स्वयंपाक्याचे आणखी दोन शब्द सांगितले. ते कुठल्याच पुस्तकात सापडले नाहीत. मी ते ऐकले तसेच उतरवून घेतले. त्यांचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.