लिंपलेलं दार

मदुरैच्या जुन्या केळीबाजारात वेल्लैयम्माळची धुराची खोली होती. हिरवे घड रचायचे, मडक्यात पेंढा धुमसत ठेवायचा, दार मातीने लिंपायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. ज्याने लिंपलं त्यानेच फोडायचं, हा बाजाराचा कायदा. चाळीस वर्षांत तिचा एक घड कच्चा निघाला नाही, एक काळा पडला नाही. यंत्रावर पिकवणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं.

बाजार शहराबाहेर हलवायचा हुकूम निघाला. इथे म्हणे गाड्यांचा तळ होणार. तिकडचे गाळे बड्या कंपन्यांनी आधीच धरलेले, वेल्लैयम्माळसारख्यांनी अर्ज करत बसायचं. तरी बुधवारी सकाळी तिने एकदा शेवटची खोली भरून लिंपलीच. शुक्रवारी गावभर लग्नं होती आणि पानसुपारीत पिवळंधमक पूवन केळं नसेल तर मदुरैचा पाहुणा रुसतो.

गुरुवारी दुपारी महापालिकेचे ज्ञानशेखरन साहेब कुलूप घेऊन हजर.

"आच्ची, खोली रिकामी करा. मुदत आजचीच आहे."

"आज फोडली तर घड काळे पडतील, सार. लग्नात कोळसा वाटायचा का?"

"मुदत म्हणजे मुदत."

"ती तुमची. केळ्यांना नोटीस कुणी दिली होती?"

हमाल खो खो हसले. साहेब चिडला, कुदळ मागवली. इरुळप्पन हमालाने ती आणली, पण खाली ठेवून बाजूला झाला. "दुसऱ्याचं लिंपण मी नाही फोडत, सार. तुम्हीच घाला घाव."

साहेबाने कुदळ उचलली. दारावरच्या मातीत म्हातारीच्या पाचही बोटांचे ठसे होते. कुदळ उचललेलीच राहिली.

"मी बाजाराच्या गेटला कुलूप लावणार, आच्ची!"

"लावा की. मी आत आहे."

आणि ती खरंच रात्रभर गेटच्या आत राहिली, लिंपलेल्या दाराला पाठ लावून.

शुक्रवारी उजाडताच तिने लिंपण फोडलं. गोड वास थेट रस्त्यावर गेला. गेट बंद, बाहेर लग्नघरच्यांची झुंबड. इरुळप्पन भिंतीवर चढला. ती आतून घड देई, तो पलीकडे सोडी. हळदीच्या रंगाचे घड, एकापाठोपाठ एक.

साहेब किल्ली घेऊन आला तेव्हा खोली झाडून झाली होती.

"सगळं संपवलंत? आम्हाला काही नाही?"

खोलीत न मावलेली एक हिरवी फणी कोपऱ्यात पडली होती. तिने ती त्याच्या हातात दिली.

"घरी तांदळाच्या डब्यात ठेवा, सार. चार दिवस. आणि मधेच झाकण उघडून बघायचं नाही."