छापलेले पन्नास

बाळारामदादांनी किलोभर साखर आणली की ती आधी तराजूवर जायची, मग डब्यात. पिशवी बंद असली तरी. अंबरनाथला बुवापाड्यात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ही तपासणी मला उंबऱ्यातूनच दिसे.

"छापलंय ते विकायला. आत काय हाय, ते भरणाऱ्याला ठावं," असं ते म्हणत.

संशयाला कारण होतं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका पॅकिंगच्या गाळ्यात त्यांची हयात गेली. शंभर ग्रॅमच्या पुड्यांत नव्वद भरून ते त्यांनी स्वतःच्या हातांनी बंद केले होते.

कोरोनात डॉक्टरांनी त्यांना थोड्या दिवसांसाठी झिंकची गोळी दिली. ताकद येते म्हणून दादांनी ती पुढे स्वतःच चालू ठेवली, तीही एकाऐवजी दोन.

"पाकिटावर पन्नास मिलिग्रॅम लिवलंय. म्हंजे असतील पंचवीस. दोन घेतल्या की झाले पन्नास."

"आणि खरोखर पन्नास असतील तर? शंभर होतात, दादा. दिवसाला चाळीसच्या वर जाऊ नये म्हणतात."

"तू कुठल्या जगात राहतोस रे?"

दोनेक वर्षांत त्यांचे तळपाय बधिर झाले. चालताना झोक जाऊ लागला, चेहरा पांढराफटक पडला. पहिला संशय तांब्याच्या हंड्यावर. तो माळ्यावर गेला. मग तिळाची चटणी बंद झाली, मग सुनेने केलेली डाळ.

"बाबा, मी काय विष घालते का त्यात?" सून रडकुंडीला आली.

"तसं नाय गं. पण डाळ आणलीस कुठून?"

गोळ्यांवर संशय होताच, पण तो कमी भरल्याचा.

शेवटी डॉक्टरांनी रक्तातलं तांबं तपासायला सांगितलं. दादांनी दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये रक्त दिलं. दोन्हीकडे ते फारच कमी निघालं.

"झिंक एवढं पोटात गेलं की आतडं तांबं आत घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि ते रक्तालाही लागतं, नसांनाही. या गोळ्या आजपासून बंद." तांब्याचं औषध सुरू झालं.

परतताना रिक्षात दादांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून त्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हंजे पन्नासच व्हते?"

चेहऱ्यावर रंग परतला. पाय मात्र पुरते सुधारले नाहीत. पाऊल कुठे पडतंय ते त्यांना डोळ्यांनीच बघावं लागतं. परवा मी त्यांना जिन्यावरून उतरवत होतो आणि वीज गेली. दादांनी माझा दंड घट्ट धरला.

"खाली पायरी हाय ना रे?"

"आहे."

"नक्की?"

"आहे, दादा."

ते क्षणभर थांबले, आणि माझ्या शब्दावर त्यांनी पाऊल टाकलं.