नवा डबा येईपर्यंत

माझ्या स्टुडिओत टेबलाच्या कोपऱ्यात एक चौकोनी संगणक आहे. वीतभर लांब, वीतभर रुंद, दोन-तीन बोटं उंच. येणारी गिऱ्हाइकं त्याला डबा म्हणतात, म्हणून मीही डबाच म्हणतो. त्याच्या शेजारी त्याच कंपनीचा नवा डबा आहे, आकाराने त्याहून लहान. हा नवा बाजारात यावा म्हणून मी दीड वर्ष वाट पाहिली. तो चांगला आहे, भलताच वेगवान आहे, आणि त्याच्याकडे पाहिलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खामगावात लग्नांचं शूटिंग करून ते जोडून द्यायचा माझा धंदा आहे. मोठे भाऊ मलकापूरला असतात. ते जिनिंगमध्ये फिटर होते. सरकी काढणारी जुनी यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना एकच मुलगी. तिने नाशिककडचा मुलगा स्वतःच पसंत केला आणि घरात सांगून टाकलं. भाऊंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चार महिने ते तिच्याशी बोललेच नाहीत. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं खाऊन, अक्षरही नाही. मग एक दिवस स्वतःच जाऊन मंगल कार्यालय ठरवून आले. लग्न होणार हे नक्की झालं, पण अबोला काही सुटला नाही.

लग्न वैशाखात झालं. कॅमेरा माझ्याकडेच होता, घरचं कार्य दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं. पाठवणीच्या वेळी सगळी बाया-माणसं फाटकाशी रडत उभी होती आणि भाऊ कुठेच नव्हते. ते मागे आचाऱ्याच्या भट्टीपाशी जाऊन रिकामे सिलिंडर हलवत होते, हे मला नंतर कळलं. त्यांना तिथे उभं राहवलं नसतं, एवढंच त्याचं कारण. माझा डोळा मात्र कॅमेऱ्याला लागलेला होता. पुतणीने गाडीत एक पाय टाकला आणि काढून घेतला. गर्दीत पाहिलं. पुन्हा वळून कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं. बसता बसता तिसऱ्यांदा मान काढून पाहिलं. मग कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत बसवलं आणि गाडी हलली.

आठ दिवसांनी भाऊ बसने खामगावला आले. पिशवीत वहिनींनी दिलेल्या कुरडया होत्या. चहा झाला, उन्हाचं बोलणं झालं, आणि निघायच्या बेतात आल्यावर त्यांनी मूळ गोष्ट काढली.

"पोरगीनं निघतानी मांगं पाह्यलं का नाई, एवढंच मले पाहाचं हाय. बाकी फेरे-बिरे राहू दे."

मला माहीत होतं. मी त्याच वेळी सांगू शकलो असतो. पण शूटिंगमध्ये काय आहे ते आम्ही कुणाला आधी सांगत नाही. घरच्यांना सोफ्यावर बसवायचं, पडद्यावर दाखवायचं आणि आपण बाजूला उभं राहून त्यांचे चेहरे पाहायचे, ही आमच्या धंद्यातली खोड. भाऊंचा तो चेहरा मला पाहायचा होता. मी म्हणालो, तुम्ही स्वतःच पाहा, असं साफ करून देतो की तिच्या डोळ्यातलं पाणी दिसेल.

अडचण अशी होती की त्याच मोसमात मी नवा कॅमेरा घेतला होता. त्याचं चित्र देखणं, पण फाईल अवजड. जुन्या डब्याला ती झेपेना. पुतणी एक पाऊल टाकायची, थिजायची, आणि एकदम गाडीत बसलेली दिसायची. मधलं सगळं गायब. ती जे शोधत होती ते नेमकं त्या मधल्या तुकड्यांत होतं. हे असलं धडपडतं चित्र भाऊंना दाखवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. नवा डबा येणारच होता. मागचा येऊन बराच काळ लोटला होता आणि कंपनीला तो बदलणं भागच आहे, असं सगळे म्हणत होते.

सगळे म्हणजे कोण, हे आता सांगायला लाज वाटते. जिल्ह्यातल्या स्टुडिओवाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे मोबाईलवर. देऊळगाव राजाच्या एकाने कळवलं की त्याच्या साडूच्या ओळखीच्या दुकानात जुना डबा शिल्लकच नाही. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की जुना माल संपवत आहेत म्हणजे नवा आला समजा. या एका रिकाम्या फळीवर आम्ही दोन महिने काढले. नंतर एका व्हिडिओत कुणीतरी धूसर फोटो दाखवला, डब्याच्या पाठीवर वायर घालायची भोकं किती आहेत एवढाच. तो माणूस त्या भोकांवर वीस मिनिटं बोलला आणि मी वीसच्या वीस मिनिटं ऐकलं. कुणी म्हणे आकार निम्मा होणार. कुणी म्हणे बटण खाली जाणार. बटण वर असो की खाली, मला काय करायचं होतं त्याच्याशी? पण त्यावरही मी दोन दिवस वाद घातला.

कंपनीचा नव्या वस्तू दाखवायचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आधी मी मोबाईल उघडायचो. नवी चिप लॅपटॉपला मिळाली. मग तिच्याहून नवी आली, ती टॅबला, म्हणजे बोटाने चित्रं काढायच्या पाटीला मिळाली. डब्याचं नावही नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहायचं की डब्याला वगळलं याचा अर्थ त्याचं काहीतरी मोठं चाललंय. आणि मी ते खरं मानायचो. आमच्यासारख्या माणसांना कुणी गाजर दाखवावं लागत नाही, आमचं आम्हीच लावतो आणि आम्हीच पाहत बसतो.

अकोल्याचा दुकानदार म्हणाला होता, तुमच्याकडच्याच्या नंतर आलेला डबा आहे माझ्याकडे, घेऊन जा, तुमचं काम आरामात होईल. मी त्याला विचारलं, आणि आठवड्याने नवा आला तर? तो हसला. त्या हसण्याचा मला राग आला होता.

भाऊंचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आला का बे तुहा डबा, एवढंच विचारायचे. मी सगळ्या अफवा सांगायचो आणि ते शांतपणे ऐकायचे. एकदा त्यांनी नीट विचारून घेतलं की जुन्या यंत्राला नेमकं काय होतं. मी सांगितलं. फिटरच ते, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. म्हणाले, मंग बारीक करून टाक न. कापूस जास्त झाला का मशीन अडकते, थोडा थोडा टाकला का जाते. मी हसलो. असं केलं तर चित्राची मजा जाते, असं त्यांना समजावलं. खरं तर त्यांनी सांगितलेलाच उपाय होता. फाईलींच्या हलक्या नकला काढायच्या आणि त्यांच्यावर काम करायचं. एका दुपारचं काम. मला ते येत होतं आणि इतर लग्नांसाठी मी ते करतही होतो. त्या लोकांसाठी मी पुसट चालवून घेत होतो, फक्त भावासाठी माझा हट्ट होता. याला मी प्रेम समजत होतो.

दिवाळीनंतर भाऊ म्हणाले की डाव्या डोळ्यापुढे काळा दोरा तरंगतो. साखर त्यांना पंधरा वर्षांपासूनची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आत रक्त उतरतंय. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. थोडे दिवस बरं वाटलं. चैत्रात उजव्या डोळ्याचंही तेच सुरू झालं, आणि एका दुपारी वहिनींनी मला फोन केला. वहिनी मला कधी फोन करत नाहीत.

"भाऊजी, ते नवं-जुनं राहू द्या. जसं असन तसं दाखवून द्या त्याईले."

मी त्यांना सांगितलं की जूनमध्ये कार्यक्रम आहे आणि यंदा डबा नक्की येतोय. दोन महिन्यांचा तर प्रश्न, असंही म्हणालो. हे वाक्य मी उच्चारलंय. नाकारायची सोय नाही, वहिनींच्या लक्षात आहे आणि माझ्याही.

जून आला, कार्यक्रम झाला, डबा आला नाही. त्या दिवशी तरी मी जुन्या यंत्रावर बसायला हवं होतं. बसलो नाही. तोवर मला त्या लग्नाच्या हार्ड डिस्कला हात लावायचीच शरम वाटू लागली होती. ज्या कामाला एक दुपार लागली असती त्याला मी तेरा महिने लावले, हे आता काम करून दाखवलं तर उघडं पडणार होतं. निदान नवा डबा आल्यावर झालं तर उशीर कंपनीच्या माथी मारता आला असता. इतका हलका विचार मी केला. भाऊंनीही डब्याचं विचारणं सोडून दिलं. पाऊस किती झाला, तुझी तब्येत कशी आहे, एवढंच. मग फोन दोन-तीन दिवसांनी येऊ लागला, नंतर आठवड्याने. नंबर शोधून द्यायला त्यांना वहिनी लागतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी मलकापूरला गेलो नाही. खामगावाहून दीड-दोन तासांची वाट, पण रिकाम्या हाताने जायला तोंड नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीने डबा जाहीर केला. ग्रुपवर दिवसभर जल्लोष चालला होता. पहिल्या खेपेतला एक मी अकोल्याहून आणला. घरी आणून फाईल टाकली आणि पुतणी चालू लागली. कुठे अडली नाही, थिजली नाही. पाय टाकला, काढला, मान वळवली. तिच्या नथीचा मोती हललेला दिसत होता. डोळ्यातलं पाणी दिसत होतं, अगदी कबूल केल्याप्रमाणे. मी एकटाच खुर्चीत बसून रडलो. चार दिवसांत सगळं जोडून पेनड्राइव्हवर घेतलं आणि सकाळच्या बसने मलकापूर गाठलं.

भाऊ ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यांनी पाहिलं नाही. मी बोललो तेव्हा आवाजाच्या दिशेने कान केला आणि हसले. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की डावा पूर्ण गेला, उजव्याने खिडकीचा उजेड तेवढा कळतो, पोळ्याच्या सुमारापासून. मला कुणी का सांगितलं नाही, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

भाऊच म्हणाले, आणलं का, लाव. त्यांना धरून टीव्हीसमोर बसवलं. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढून घेतली. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता. हळद झाली, अक्षता झाल्या. आवाजावरून ते माणसं ओळखत होते. पाठवणी आली तेव्हा माणसांचा आवाजच नव्हता. तिथे मी सनईचं संगीत घातलं होतं, लोकांचं रडणं झाकायला. भाऊंनी विचारलं, आता काय चालू हाय. मी सांगितलं, निघतेय.

"पाहून राह्यली का?"

मी म्हणालो, हो भाऊ. पाय टाकून परत काढला. गर्दीत पाहिलं. दाराकडे पाहिलं. बसतानाही मान काढून पाहिलं. तीनदा शोधलं तिने तुम्हाला. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता, तशाच म्हणाल्या, हाव जी, पाहून राह्यली.

सनई संपली, पुढे वरातीचा बँड सुरू झाला, तो मी घाईने बंद केला.

"माहं मन राखाले तं नाई म्हनून राह्यला न बे तू?"

नाही भाऊ, आईशप्पथ, असं मी म्हणालो. मग तिलाच फोन लावतो, तिलाच विचारा, असंही म्हणालो. ते मान हलवून नको म्हणाले.

"लेकीले असं इचारते का कोनी? आन् ते हाव म्हनन. तुमी दोघंबी हावच म्हनान. मले बरं वाटावं म्हनून सगळे हावच म्हनतीन आता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी रिमोट घेऊन पाठवणी पुन्हा सुरुवातीला नेली. पुतणीने गाडीत पाय टाकला. पाहा भाऊ, हे पाहा, असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि भाऊंनी मला बरं वाटावं म्हणून पडद्याकडे तोंड केलं.