विमलभाभींचं सरपण

महिना होत आला. मंचरहून सोनलचा फोन आला, "मम्मी गेल्या." सोनल म्हणजे विमलभाभींची सून. मी विचारलं, "आणि पुष्पाकाकी?" तर म्हणाली, "त्यांना सांगितलंय. कळलंय की नाही, कोण जाणे."

नव्वदच्या दशकात मी मंचरच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा भाभींच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. पुढे त्यांचं किराणा दुकान, मागे घर. पुष्पाकाकी त्यांच्या धाकट्या जाऊबाई. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दोघी एका ताटात जेवायच्या. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब तेव्हा न्हाणीघरातच असायचा. एका थंडीत वाळलेलं सरपण संपलं आणि भाभींनी नुकतीच तोडलेली ओली बाभूळ बंबात घातली. ती धड पेटेना, नुसती धुमसत राहिली. पुष्पाकाकी आंघोळीला आत गेल्या, गारठा म्हणून खिडकीही लावून घेतली. हाका मारूनही ओ येईना, तेव्हा दार तोडलं. भाभींनी आणि मी त्यांना ओढून अंगणात आणलं. जीव वाचला, पण कोंडलेला धूर मेंदूला बाधला, काकी पूर्वीच्या राहिल्या नाहीत. बोलता बोलता थांबायच्या, घास तोंडात तसाच राहायचा...

"ओलं लाकूड मी घातलं," एवढंच भाभी म्हणायच्या. समजूत घालायला गेलं की उठून जायच्या.

बंब अंगणात आला. लाकूड उन्हाळ्यातच फोडून घ्यायचं, विटांवर रचायचं, वरून पत्रा, बाजू वाऱ्याला मोकळ्या, आणि चांगलं वाळेपर्यंत हात लावायचा नाही, असा भाभींचा नेम झाला. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायच्या. खणखणीत वाजली तर बंबात, बद्द वाजली तर परत ढिगात. डिंगोरे गावचा लाकूडवाला हसायचा. "भाभी, आमी जाळाया देतो, तुमी लोणचं घालता व्हय?" भाभी हसत नसत. त्यात आणखी एक पंचाईत होती. ठेवणीतल्या लाकडात मुंग्या, किडे शिरणारच, आणि जैनाच्या घरात जीव कसा जाळायचा? मग प्रत्येक तुकडा झटकायचा, फटीत फुंकर घालायची. एवढं होईपर्यंत पुष्पाकाकी पाटावर बसून राहायच्या. त्यांच्या डोक्यावरून पाणी भाभीच घालायच्या. दुसऱ्या कोणाला काकी जवळ येऊ देत नसत.

पुढे घरात गीझर आला. मुलगा म्हणाला, बंब मोडीत घालू. भाभींनी ऐकलं नाही. शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, हिच्या आधी मी गेले तर हिचं कोण बघणार?" मी त्यांचा हात तसाच धरून बसले...

परवा मी मंचरला गेले, तर भाभी गेल्यापासून काकी डोक्यावरून न्हाल्याच नव्हत्या. पुढच्या खोलीत नातेवाईक, हिला आता कुठे ठेवायचं, असं दबक्या आवाजात बोलत होते. सोनलनं ते ऐकलं. ती उठून अंगणात गेली, लाकडं झटकली, बंब पेटवला. पाणी तापल्यावर बादली घेऊन काकींच्या शेजारी टेकली.

"काकी, आज मी पाणी घालू?"

काकींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सोनल तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं काकींनी हात मागे नेला आणि अंबाडा सोडला.