केळीच्या खांबांमागची भिंत

सावद्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात केळी उदंड आणि शाळेला खोली एक. त्या एका खोलीवर चार इयत्ता आणि एक गुरुजी. मागची भिंत आदल्या साली कोसळली होती. तिच्या जागी आम्ही पऱ्हाट्यांचा कूड उभा केला होता. कापूस वेचून झाला की कपाशीच्या ज्या वाळक्या काड्या उरतात त्या पऱ्हाट्या. त्या आम्ही चुलीत घालतो. म्हणजे स्वराज्यातल्या सरकारी शाळेची एक भिंत सरपणाची होती.

चौथीनंतर शिकायचं तर सावद्याला चालत जायचं. मुलं जात. मुलींना कोणी पाठवत नसे, आणि माझी धाकटी बहीण त्या वर्षी चौथीत होती. परीक्षा झाली की तिची पाटी माळ्यावर जाणार, हे इतकं ठरलेलं होतं की घरात त्यावर कोणी बोलतसुद्धा नव्हतं. मी बोलत होतो. दोन खोल्या, आणखी एक शिक्षक आणि पाचवीची मंजुरी, एवढीच मागणी होती. गावानं कचेरीत तीन अर्ज दिले होते. एकाचंही उत्तर नव्हतं.

मी नुकताच धुळ्याहून परतलो होतो. कॉलेज कमी आणि चळवळींची पत्रकं जास्त, असं माझं तिथलं शिक्षण झालं होतं. मथळा ठसठशीत, वाक्यं आखूड, आणि दोष कोणाचा ते पहिल्या चार ओळींत, हे मला येत होतं. मी शाळेवर पत्रक लिहिलं, मथळा दिला : ‘ही शाळा की गुरांचा गोठा?’ आणि तो पारावर वाचून दाखवला.

गावात ज्यांचा शब्द चाले ते आबा नाराज झाले. ‘गोठा काहून म्हनतो रे? माह्या गोठ्याले चार भिती हायेत.’

लोक हसले. मी ते वाक्य तसंच पत्रकात घातलं : ‘आमच्या गोठ्यांनाही चार भिंती आहेत.’ आबांना त्यात काही गैर वाटलं नाही. खरंच होतं ते.

पत्रक आमच्या आमदारांना टपालानं धाडलं. निवडणूक जवळ आली होती म्हणून म्हणा किंवा पत्रक झोंबलं म्हणून म्हणा, त्यांचं कार्ड आलं : सावद्याला सभेसाठी येतो आहे, सकाळी अर्धा तास शाळा पाहून जाईन.

त्या दिवशी मी त्यांना आणायला सावद्याला गेलो. जीपमध्ये वाटभर मी त्यांना कुडाबद्दल सांगत होतो. जीप शाळेसमोर थांबली.

शाळा ओळखू येत नव्हती. पाहुणा येणार म्हणून गाव पहाटेपासून खपलं होतं. दोन्ही बाजूंनी घडासकट केळीचे खांब उभे केले होते, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. आत ताजं सारवण, रांगोळी आणि मध्ये खुर्ची. कुडापुढे केळीचे खांब इतके दाटीनं लावले होते की पऱ्हाटीची काडी दिसत नव्हती. मुलंही धुतल्या कपड्यांची तेवढी निवडून बसवलेली. चौथीचा वर्ग घरी पाठवून दिला होता, बाहेर बसलेला पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

आमदार खुर्चीत बसले. खिशातून पत्रक काढलं, चष्मा लावला, चारही बाजूंना पाहिलं.

‘काय हो, तुमचा तो गोठा कुठे आहे? मला तर मंडप दिसतोय.’

सगळे हसले. आबा तर मान डोलावून हसले.

‘साहेब, ही शाळा नव्हे,’ मी म्हणालो. ‘ही सजावट आहे. खांबांमागे बघा, भिंत नाही.’

हसणं थांबलं. आबा खालच्या आवाजात म्हणाले, ‘पावन्यासमोर गावाची लाज काढतो का रे?’

‘लाज आपली नाही, आबा. ज्यांनी भिंत बांधली नाही त्यांची आहे.’

मी एका खांबाला हात घातला. एकही जण पुढे आला नाही. गुरुजीसुद्धा खाली बघत राहिले. तेव्हा बायकांमधून अक्का उठल्या. आबांच्या थोरल्या बहीण. रांगोळी त्यांनीच काढली होती.

‘हात काढ रे, भाऊ. पावना बसला असताना तोरन काढत नसतात. चहा होऊ दे, नारय देऊ दे.’

मी चडफडत हात काढला. चहा झाला. नारळ दिला, टोपी दिली, हार घातला. मग अक्का आबांकडे वळल्या.

‘झाला पावनचार. आता हे पावने नाही राह्यले, आमदार हायेत. काढा खांब.’

आबांनी क्षणभर बहिणीकडे पाहिलं, धोतर खोचलं आणि पहिला खांब स्वतः उपटला. मग सगळेच लागले. तोवर अक्कांनी गल्लीत हाक घालून घरी धाडलेली पोरं बोलावली. ती आली आणि रोजच्यासारखी बसायला लागली. खुर्चीला जागा उरेना, तेव्हा आमदार उठले आणि खुर्ची डोक्यांवरून बाहेर गेली. चौथीचा वर्ग बाहेर कुडापलीकडे कडुलिंबाखाली बसला, कारण खोलीत तो मावत नसे आणि त्याची रोजची जागा तीच होती.

आमदार कुडाला पडलेल्या एका भगदाडाशी उभे राहिले. समोरच आबांचा गोठा होता, विटांचा, चार भिंतींचा.

‘पत्रकात चूक नाही,’ ते म्हणाले. मग लिंबाखालच्या माझ्या बहिणीला विचारलं, ‘कितवीत?’

‘चौथीत.’

‘आणि पुढे?’

‘पुढे काही नाही,’ ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

मी पत्रकाची आणखी एक प्रत पुढे केली तर आमदार म्हणाले, ‘ह्यात शिव्या आहेत. मला अर्ज द्या.’ मी तिथंच अर्ज लिहिला. पहिला अंगठा अक्कांचा, त्याखाली आबांची सही. अर्ज आमदारांच्या खिशात गेला.

जूनमध्ये पाचवीची मंजुरी आली, दुसरे शिक्षकही आले. खोल्या मात्र कागदावरच होत्या, आणि खोलीशिवाय वर्ग भरवता येणार नाही असं नवे शिक्षक म्हणाले. आबांनी ऐकून घेतलं, बैल बाहेर लिंबाला बांधले आणि गोठा सारवून घेतला.

पाचवीत सात मुलं आणि चार मुली बसल्या. माझी बहीण पुढच्या ओळीत, गव्हाणीला टेकून. मी दारात उभा होतो. आबा बैलांना चारा टाकत म्हणाले, ‘आता लिही तुहं पत्रक. शाया की गोठा?’

ते पत्रक मी त्याच आठवड्यात लिहिलं. मथळ्याचा एक शब्दही बदलावा लागला नाही.