पत्र्यातला ळ

धम्मानंद गजभिये यांनी कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं पत्र्यात अक्षरं कापली. छिन्नी-हातोडीनं अक्षर कोरायचं, पत्रा यंत्रावर धरायचा आणि वरून रंग मारायचा. छिन्नी आपली सरळ चालते, त्यामुळे त्यांच्या अक्षरांना गोलाई ठाऊकच नाही. 'धोका'मधला ध असो की 'पंप'मधला प, सगळे कोपरे ताणून परेडला उभे. माणूसही तसाच, एकदा नाही म्हटलं की नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी नागपुरात घर बांधलं. डिझाइन शिकणाऱ्या धाकट्या प्रीतीनं सामान लावताना ते जुने पत्रे पाहिले आणि ती हरखलीच.

"बाबा, हे तर रोबोटचे अक्षरं आहेत! एकदम भविष्यातले!"

"भविष्यातले काहून? एकोणनव्वदचे आहेत," धम्मानंद म्हणाले. पण दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

प्रीती त्या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायला बसली आणि चौथ्या दिवशी अडली. "बाबा, ळ सापडूनच नाही राहिला."

"नसन." त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"अन् कोळसा? तिथं तर कोळशाचेच डोंगर!"

"मी कोयला लिवत होतो."

मग सांगावंच लागलं. झालं असं होतं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी 'कोळसा' कापला. सरळ रेघांत ळचे झाले दोन चौकोन, आणि फिटर गणपतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा चष्मा कोनाचा गा?" तेव्हापासून धम्मानंदांनी ळचं नाव टाकलं. साहेबांना वाटायचं, गडी हिंदीचा मोठा अभिमानी आहे.

हे ऐकून मंजुळाबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या. क्वार्टरच्या दारावर इतकी वर्षं नवऱ्याचं एकट्याचं नाव होतं. नव्या घराची पाटीही महिनाभर रखडली होती, आणि येत्या रविवारी पाहुणे यायचे होते. 'गांधीबागेच्या बाजारातून छापील पाटी आणते,' अशी धमकी त्यांनी कालच दिली होती.

"म्हनून माह्यं नाव नव्हतं दारावर?"

"हव."

"मले वाटे, तुमाले माह्या नावाचीच लाज वाटते."

पेपर हळूहळू खाली आला. एका चष्म्याला भिऊन आपण काय करून बसलो, हे धम्मानंदांना आत्ता कळलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले आणि छिन्नी शोधायला लागले.

तीन पत्रे वाया गेले, कारण चौकोनांच्या मधले तुकडे दर वेळी गळून पडत. चौथ्यात त्यांनी बारीक पट्ट्या सोडून ते अडकवले. प्रीतीनं लगेच फोटो काढून घेतला.

रविवारी दारावर पाटी लागली. वर मंजुळा, खाली धम्मानंद. पाहुण्यांत गणपतरावही होते. ते उंबऱ्याशीच थांबले आणि हसायला लागले. "काय गा, तोच चष्मा?"

"हव, तोच," धम्मानंद म्हणाले. "लाव डोयाले अन् नीट वाच, घर कोनाचं आहे ते."