दहा नारळ खंय गेले?

माझी शाळा आठवीत सुटली. आई आजारी पडली, घरचं सगळं माझ्यावर आलं आणि परत जाणं झालंच नाही. गेल्या वर्षी मुलगी कॉलेजसाठी कुडाळला राहायला गेली आणि मी त्रेचाळिसाव्या वर्षी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकी विषयांचं काही वाटत नव्हतं. भीती होती ती गणिताची.

आमच्या शेजारी माडांच्या पलीकडे टीचर राहतात. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, रविवारी चर्चमध्ये मासाला जातात तेवढ्याच घराबाहेर पडतात. मी दहावीचं पुस्तक घेऊन गेले तर त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"ह्या ठेव. पाचवी ते आठवीची पुस्तकां घेऊन ये. आदी पाया बघूया."

मुलीची जुनी पुस्तकं पोटमाळ्यावर होती. दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं आटोपली की मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असं गणित आलं. मी वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत, आणि ऐटीत लिहिलं, दोन पंचमांश.

टीचर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्दी भाकरी खाल्लंस. मगे दुसऱ्या भाकरीचो तिसरो भाग खाल्लंस. अर्द्यापेक्षा जास्त खाल्लंस काय कमी?"

"जास्त."

"मगे तुझा उत्तर अर्द्यापेक्षा कमी कसा?"

मी वहीतलं उत्तर पुन्हा वाचलं. दोन पंचमांश म्हणजे पाचातले दोन, अर्धीसुद्धा भाकरी नव्हे. शाळेत असताना हे मला कोणी विचारलंच नव्हतं, की विचारलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं, कोण जाणे. छेद सारखे का करायचे ते त्या दुपारी कळलं. पाच षष्ठांश! मी मोठ्याने हसले, तशा टीचरही हसल्या.

ऋण संख्यांनी आठवडा खाल्ला. गुणोत्तराला मात्र वेळ लागला नाही. मी दर उन्हाळ्यात अमृत कोकम करते, एक किलो कोकमांना दोन किलो साखर. टीचरनी विचारलं, बरणीत दोन्ही मिळून अठरा किलो असेल तर कोकमं किती? पेन उचलायच्या आत मी "सहा" म्हणून मोकळी झाले.

पुस्तकं संपली तेव्हा टीचरनी स्वतः वीस गणितं काढली. उत्तरं त्यांच्या वहीत. एकशेवीस नारळ तीन घरांत दोनास तीनास पाच असे वाटायचे होते. मला चोवीस, छत्तीस, साठ आलं. त्यांनी वही बघितली आणि तांबड्या पेनाने फुली मारली.

"शेवटचा चुकला. पन्नास होया."

मी मुकाट्याने पुन्हा केलं. साठ. आणखी एकदा केलं. साठच. टीचरची चूक काढायची म्हणजे जीभ रेटेना. शेवटी त्यांचे तिन्ही आकडे मिळवून बघितले आणि विचारलं, "टीचर, दहा नारळ खंय गेले?"

त्यांनी चष्मा पुसला. चोवीस, छत्तीस, पन्नास असं बोटांवर मोजलं. मग माझ्या वहीतली फुली खोडून बरोबरची खूण केली आणि फुली आपल्या वहीत मारली, चांगली ठसठशीत.

"चाळीस वर्सांत वर्गात एकान माझी चूक काढूक नाय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू बक्षीस त्यांनाच मिळालंय. "आज आनी गणित नको. बस, चाय करतंय."

चहाबरोबर घरचा केक आला. मी दोन तुकडे खाल्ले आणि उन्हं उतरेपर्यंत तिथेच बसले. परीक्षेला अजून दोन महिने आहेत. बीजगणित सुरू झालंय आणि मी रोज चुकतेय, पण आता चूक कुठे झाली ते माझं मला शोधता येतं.